बादल्यांच्या रांगेतून जाणारा सूर

घरी बांधलेल्या कोरस-व्हायब्रॅटो पेडलच्या डबीवर एक छोटा स्विच असतो, आणि सगळी गोम त्या स्विचमध्ये आहे. गिटारचा आवाज डबीत शिरला की त्याला दोन वाटा फुटतात. एक भाग सरळ पुढे जातो. दुसरा काही मिलिसेकंद रेंगाळतो, आणि त्याचे रेंगाळणे सतत कमी-जास्त होत राहते. रेंगाळणे वाढत असताना सूर किंचित उतरतो, घटत असताना किंचित चढतो. दोन्ही भाग एकत्र ऐकले की एका गिटारच्या दोन झाल्यासारख्या वाटतात, तो कोरस. स्विच दाबून सरळ जाणारी वाट तोडली की उरतो नुसता डुलणारा सूर, तो व्हायब्रॅटो. दोहोंतला फरक जेमतेम एका रेझिस्टरचा. दुकानात मात्र याच दोन गोष्टी दोन नावांनी आणि दोन किमतींना विकल्या गेल्या.

हा स्विच नवा नाही. ऐंशीएक वर्षांपूर्वी तो हॅमंड ऑर्गनवर होता, आणि त्यामागची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. टेबलावर सोल्डरिंग आयर्न तापवून बसलेला एखादा पोरगा नेमके काय करतो आहे, हे समजून घ्यायचे तर गिटारच्या बरेच मागे जावे लागते.

इटलीतल्या चर्चमधल्या ऑर्गनांत सोळाव्या शतकापासून नळ्यांची एक खास रांग असे. ती मूळ रांगेपेक्षा मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावत. दोन्ही रांगा एकदम वाजल्या की सूर थरथरे, माणसाच्या गळ्यासारखा जिवंत वाटे. बालीच्या गामेलानमध्ये वाद्ये जोडीनेच घडवतात: जोडीतले एक केसभर खाली, दुसरे केसभर वर. दोन्ही एकदम वाजली की सेकंदाला पाच-आठ हेलकावे ऐकू येतात, आणि ते हेलकावे नसतील तर तिथला कारागीर वाद्य मेलेले समजतो. आपल्याकडे मिरजेच्या तानपुऱ्यावर जोडाच्या दोन तारा कितीही काटेकोर जुळवल्या तरी दोघींत सूक्ष्म फरक उरतोच, आणि त्यातून षड्जाला एक धुगधुगी मिळते. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याहून आलेले व्हायोलिनवादक रांगेने बसत. सेबास्टियन डिसोझांसारखे संयोजक त्यांना एकच ओळ वाजवायला देत तेव्हा जो भरलेला आवाज येई, तो एकाच व्हायोलिनचा आवाज कितीही मोठा केला तरी येत नाही. प्रत्येकाचे बोट पट्टीवर किंचित इकडेतिकडे पडते, प्रत्येकाचा गज क्षणभर मागेपुढे निघतो. भरलेपणा असतो तो या फरकांत.

पण वीस वादक बसवणे परवडणार कोणाला? एकट्याने वाजवणाऱ्याने काय करायचे, हा प्रश्न खऱ्या अर्थाने विजेच्या वाद्यांनी उभा केला.

लॉरेन्स हॅमंड यांचा विद्युत ऑर्गन १९३५ मध्ये शिकागोहून बाजारात आला. हॅमंड मूळचे घड्याळवाले. त्यांच्या ऑर्गनचे सूर दातेरी चक्रे फिरवून काढलेले, म्हणून कधीही न ढळणारे; आणि हा काटेकोरपणाच कानाला खटकू लागला. कॅलिफोर्नियातल्या डॉन लेस्ली यांनी १९३७ मध्ये हॅमंड विकत घेतला. दुकानाच्या मोठ्या दालनात भव्य वाटलेला आवाज घरी आल्यावर सपाट वाटला. ते रेडिओदुरुस्तीतले माणूस. त्यांनी स्पीकरच फिरवायचे ठरवले. लाकडी कपाटात वरच्या बाजूला फिरणारा कर्णा, खाली फिरणारा ढोल. कर्ण्याचे तोंड ऐकणाऱ्याकडे येताना सूर चढतो, दूर जाताना उतरतो. स्टेशनातून शिटी मारत निघून जाणाऱ्या गाडीचा जो अनुभव, तोच इथे जलद गतीत मिनिटाला सुमारे ४०० वेळा. गंमत म्हणजे वर दोन कर्णे दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरा मुका, नुसता तोल सांभाळायला.

लेस्लींनी हे कपाट हॅमंड कंपनीला दाखवले. कंपनीने ते नाकारले. इतकेच नव्हे, पुढे कंपनीने आपल्या ऑर्गनच्या जोडण्या अशा बदलल्या की लेस्लींचा स्पीकर त्यांना सहज लागू नये. लेस्लींनी त्या जोडण्यांसाठी वेगळे अ‍ॅडॅप्टर केले. वापरणाऱ्याला आपले यंत्र उघडू न देण्याची धडपड आजच्या मोबाइल कंपन्यांची आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने हा जुना तंटा आठवावा. शेवट काय झाला तेही सांगण्यासारखे आहे: आज हॅमंडचा आवाज म्हणताना लोकांच्या कानात जो आवाज असतो तो बहुतेक वेळा लेस्लीचा असतो, आणि लेस्ली हे नाव अखेर १९८० मध्ये हॅमंडनेच विकत घेतले.

हॅमंड कंपनी स्वस्थ बसली होती असे नाही. तिथल्या जॉन हॅनर्ट यांनी १९४०च्या दशकात केलेली युक्ती, माझ्या मते, या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी आहे. वेटोळी आणि कपॅसिटर यांची एक लांब साखळी. सूर तिच्यातून जाताना प्रत्येक कडीला किंचित उशीर होतो, साऱ्या साखळीचा मिळून मिलिसेकंदाच्या आसपास. साखळीला जागोजागी फुटवे काढलेले, आणि एक फिरणारा धातूचा पंखा त्या फुटव्यांवरून पुढे-मागे सूर उचलत जातो. म्हणजे उशीर सतत बदलता. ऑर्गनच्या बटणावर तीन खुणा व्हायब्रॅटोच्या आणि तीन कोरसच्या होत्या. कोरसच्या खुणेवर मूळ सूर त्यात मिसळायचा. पेडलमधला आपला स्विच तो हाच.

टेपच्या जगात याच कल्पनेला तिसरी वाट सापडली. एकच गाणे दोनदा गाऊन दोन आवाज एकमेकांवर चढवण्याचा जॉन लेननना कंटाळा होता. लंडनच्या ईएमआय स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये दुसऱ्या टेपयंत्राची गती किंचित हलवून हे काम यंत्रावर सोपवले. कल्पना तीच, पण खोलीभर यंत्रे लागत.

गिटारवाल्याच्या पायाखाली येईल इतकी लहान डबी आधी जपानमध्ये झाली. शिन-एई कंपनीतले फुमिओ मिएदा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस केलेली युनि-व्हाइब. तिच्यात उशीर देणारी साखळी नाहीच. मधोमध एक छोटा दिवा मंद-तेज होत राहतो, त्याभोवती चार प्रकाशसंवेदी पेशी, आणि प्रत्येक पेशीशी जोडलेला कपॅसिटर वेगळ्याच मापाचा: एक ०.२२ मायक्रोफॅरडचा तर एक ४७० पिकोफॅरडचा. मापांतली ही तफावत पाहून शिकलेला अभियंता चूक झाली असे म्हणेल, पण आवाजातला तो धापा टाकल्यासारखा ठेका बऱ्याच अंशी तिच्यातूनच येतो. दिव्याची तार लगेच तापते पण सावकाश निवते, हेही त्या ठेक्यात मिसळते. जिमी हेंड्रिक्स यांनी ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला ही डबी पायाशी ठेवली होती. तिच्यावरही कोरस आणि व्हायब्रॅटो असा स्विच होता.

त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनला, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत, संगीताशी काही देणेघेणे नसलेले दोन संशोधक एक वेगळाच प्रश्न सोडवत होते. सँगस्टर आणि टीअर यांना विद्युत संकेत काही काळ थांबवून धरायचा होता. त्यांनी सिलिकॉनच्या तुकड्यावर लहान कपॅसिटरांची रांग मांडली. पहिल्यात साठलेला भार दुसऱ्याला, दुसऱ्यातला तिसऱ्याला, आणि हे सारे एका क्लॉकच्या ठोक्यावर. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेत उभी राहतात, माणूस जागचा हलत नाही, बादली हातोहात पुढे जाते. या साम्यावरून त्यांनी या रचनेला ‘बकेट ब्रिगेड’ म्हटले. एक तपशील बहुतेक जण विसरतात: भरलेली बादली पुढे द्यायची तर समोरचा हात रिकामा हवा, म्हणून या रांगेत एकाआड एक बादली रिकामीच असते. १०२४ बादल्यांच्या चिपमध्ये एका वेळी आवाजाचे ५१२ तुकडेच मावतात.

क्लॉक जलद केला की सूर लवकर बाहेर येतो, संथ केला की उशिरा. म्हणजे लेस्लींचा फिरता कर्णा, हॅनर्ट यांची साखळी आणि टाउनसेंड यांचे टेपयंत्र या तिन्हींचे काम आता नखाएवढ्या चिपमध्ये, एकही हलता भाग नसताना. डच ऑर्गन बनवणाऱ्या एमिनंट कंपनीने ते लगेच ओळखले. १९७४ मध्ये आलेल्या सोलिना नावाच्या वाद्याचा व्हायोलिनच्या ताफ्यासारखा आवाज अशा रांगांतूनच निघे. जपानमध्ये मात्सुशिताने या चिपांची मालिकाच काढली आणि रोलँडने ती उचलली. १९७५च्या जेसी-१२० अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन स्पीकर. कोरस लावला की एकातून कोरा सूर येतो, दुसऱ्यातून डुलणारा, आणि दोहोंची मिसळण खोलीतल्या हवेत होते. पुढच्याच वर्षी त्यातले हे सर्किट बाहेर काढून रोलँडच्याच बॉसने सीई-१ या नावाने विकले. विजेच्या वायरीवर चालणारे ते जड धूड होते, आणि त्याला कोरस-व्हायब्रॅटोचा स्विच होता. १९७९च्या सीई-२ मध्ये डबी लहान झाली, बॅटरीवर चालू लागली, पण व्हायब्रॅटो गेला. तो १९८२ मध्ये व्हीबी-२ म्हणून वेगळा विकायला आला.

इथे घरच्या टेबलाचा संबंध येतो. एका रेझिस्टरच्या फरकासाठी दुसरी डबी का घ्यायची, हा विचार सीई-२चे सर्किट डोळ्यांखालून घातलेल्या कोणाच्याही मनात येतो. आणि ते डोळ्यांखालून घालता येत होते, हे महत्त्वाचे. त्या काळी कंपन्या दुरुस्तीवाल्यांसाठी सर्व्हिस मॅन्युअल छापत. त्यात पूर्ण सर्किट, प्रत्येक कपॅसिटरचे माप असे. चिप बनवणारे डेटा शीट फुकट वाटत. अमेरिकेत क्रेग अँडर्टन यांचे वादकांसाठीच्या इलेक्ट्रॉनिक प्रकल्पांचे पुस्तक १९७५ मध्ये आले आणि गिटार वाजवणारे लोक सोल्डर करू लागले. कागद हाती होता म्हणून ही परंपरा घरोघर गेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत आज कोणी नऊ व्होल्टची क्लिप, पोटेन्शिओमीटर आणि झिरो पीसीबी मागतो, तो त्याच कागदाच्या जोरावर.

प्रत्यक्ष बांधणी कशी असते ते थोडे जवळून पाहू. घरच्या पेडलसाठी बहुधा एमएन ३२०७ जातीची चिप आणि तिला ठोके देणारी एमएन ३१०२ घेतात. ३००७ हा तिचा थोरला भाऊ, पण त्याला वीज उलट्या दिशेने लागते. नावातला एक आकडा बदलून एकीच्या जागी दुसरी बसवली की चिप जळते. १०२४ बादल्या, ठोका सेकंदाला एक लाख, तर उशीर ५.१२ मिलिसेकंद, ठोका पन्नास हजारांवर आणला की १०.२४. हा ठोका मागेपुढे ओढायला एक संथ ऑसिलेटर लागतो. तो एका साध्या ऑप-अ‍ॅम्पच्या दोन भागांतून होतो.

नवख्याची दमछाक होते ती वेगळ्याच ठिकाणी. उशीर मध्यापासून दोन्ही बाजूंना एक मिलिसेकंद हलतो आहे असे धरू. सेकंदाला एक हेलकावा असेल तर सूर अर्ध्या स्वराच्या जेमतेम दहाव्या भागाने चढतो-उतरतो, कानाला गोड. तोच हेलकावा सेकंदाला सहा केला, बाकी काहीही न बदलता, तर सूर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून अधिक डोलू लागतो आणि ऐकणाऱ्याला भोवळ येते. कारण सुराचा चढउतार ठरतो तो उशीर किती यावर नव्हे, तर उशीर किती झपाट्याने बदलतो यावर. म्हणून वेगाची घुंडी पुढे नेली की हेलकाव्याच्या खोलीची मागे घ्यावीच लागते. हे समीकरण पुस्तकात वाचणे निराळे आणि दोन घुंड्यांवर दोन बोटे ठेवून ऐकणे निराळे.

मग येते टकटक. ऑसिलेटर प्रत्येक फेरीला विजेचा छोटा झटका ओढतो आणि तो आवाजाच्या वाटेत शिरतो. गिटार गप्प असतानाही पेडलमधून घड्याळ चालल्यासारखे ऐकू येते. उपाय साधा: ऑसिलेटरची ग्राउंडची तार वेगळी ओढायची, ती थेट बॅटरीच्या टोकाशी न्यायची आणि त्याला मिळणारी वीज एका रेझिस्टरमधून, मोठ्या कपॅसिटरवर मुरवून द्यायची. आणि बायसचा ट्रिमर. तो जागेवर नसेल तर चिपमधून आवाज फाटलेला येतो किंवा येतच नाही. पहिल्यांदा बांधणारे निम्मे लोक इथे चिप बाद झाली समजून ती फेकतात. पेचकस घेऊन सावकाश फिरवायचे. आवाज कुठे स्वच्छ होतो आणि कुठे पुन्हा फाटतो ते ऐकायचे आणि दोहोंच्या मध्यावर थांबायचे. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, नसेल तर कान पुरतो.

आपल्या बाजारात बकेट ब्रिगेडची चिप मिळाली नाही की दुकानदार पीटी २३९९ पुढे करतो. तैवानी कंपनीची ही डिजिटल चिप स्वस्त, कारण कराओकेच्या माइकला घुमारा देणाऱ्या बोर्डांत ती सर्रास असते. पण तिचा किमान उशीर तीसएक मिलिसेकंदांचा. कोरसला तो जास्त होतो. दोन गिटारींऐवजी एक गिटार आणि तिची सावली ऐकू येते. घाईत असलेल्याने तिच्यावर कोरस बांधू नये.

गेल्या शतकाच्या अखेरीस मात्सुशिताने या चिपांचे उत्पादन थांबवले. डिजिटलने बाजी मारली होती. मोठ्या उत्पादकाला हा माल कवडीमोल. एरवी अशी वस्तू दहा वर्षांत भंगारात जाते. इथे उलटे झाले. जगभरच्या हौशी लोकांनी आणि छोट्या कारागिरांनी मागणी सोडली नाही. जुने साठे चढ्या भावाने विकले गेले, मग पुसून नवे नाव छापलेल्या बनावट चिपा आल्या, आणि शेवटी शांघायच्या बेलिंगसारख्या कंपन्यांनी त्याच रचनेच्या नव्या चिपा काढल्या. २०१६ मध्ये खुद्द बॉसने सीई-२ची नवी आवृत्ती आणली ती बकेट ब्रिगेडवरच, आणि तिच्यात सीई-१चा कोरस व व्हायब्रॅटो दोन्ही परत घातले. घरच्या टेबलावर लोक चाळीस वर्षे जो स्विच लावत होते, तो कंपनीने पुन्हा लावला.

याचा अर्थ अ‍ॅनालॉग श्रेष्ठ, असा मात्र कोणी काढू नये. या चिपांचा आवाज ‘उबदार’ असतो असे म्हणण्याची एक पोथी तयार झाली आहे. बकेट ब्रिगेडमध्ये फसफस असते, आणि ठोक्यांची किटकिट गाळायला तीव्र फिल्टर लावावा लागतो, त्यात आठ-दहा हजार हर्ट्झच्या वरचे बरेचसे जाते. गिटारचा स्पीकर त्याच्या कितीतरी खालीच मान टाकतो, म्हणून ते खटकत नाही, इतकेच. कोरसच्या दर्जाचा विचार केला तर आजची चांगली डिजिटल डबी कुठेही कमी नाही. घरच्या पेडलचे मोल आवाजात शोधणाऱ्यांनी तो नाद सोडावा. मोल आहे ते दुसरीकडे: या यंत्रात सूर कुठे शिरतो, कुठे थांबतो आणि कुठून बाहेर येतो ते बोट ठेवून दाखवता येते. डिजिटल डबीत बोट ठेवायला एक काळा चौकोन असतो. काही पेडल बनवणारे तर सर्किटावरच काळे इपॉक्सी ओततात, कोणी पाहू नये म्हणून. धंद्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, पण हॅमंडने जोडण्या बदलल्या तेव्हाचाच तो हट्ट, आणि त्याचे फळही तेच. कोणी ना कोणी इपॉक्सी खरवडतोच.

नक्कल म्हणजे चोरी, असा आक्षेप येतो. दुसऱ्याचे नाव छापून माल विकणे ही चोरीच. पण पेटंटची मुदत सहसा २० वर्षांची असते ती अशासाठीच की नंतर ते ज्ञान सर्वांचे व्हावे. लेस्ली, हॅनर्ट, मिएदा, सँगस्टर यांच्यापैकी कोणाचेही काम आज घरी उलगडून पाहण्यात गैर काही नाही. उलट तेच व्हायला हवे.

आपल्याकडची खंत निराळी आहे. ज्या गल्ल्यांत हे सुटे भाग मिळतात, त्याच गल्ल्यांत अंतिम वर्षाचे तयार प्रकल्पही मिळतात, अहवालासकट. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो आणि त्याने कधी बायसचा ट्रिमर फिरवून काही ऐकलेले नसते. हजार-दीड हजार रुपयांच्या आतबाहेर सुट्या भागांत जमणाऱ्या या एका पेडलमध्ये ऑप-अ‍ॅम्प आहे, फिल्टर आहे, ऑसिलेटर आहे, सॅम्पलिंग आहे, ग्राउंडिंगचा धडा आहे. प्रयोगशाळेत आधीच जोडून ठेवलेल्या किटवर तारा खुपसण्याऐवजी दुसऱ्या वर्षाला हे एक सर्किट मुलांच्या हातून करून घ्यावे. बिघडले तर उत्तमच. दुरुस्त करताना जास्त शिकतील.

आणि एक विनंती जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांना, त्यांच्या मुलाबाळांना. दुकान बंद होते तेव्हा सर्व्हिस मॅन्युअल, डेटा बुक, पेन्सिलीने खुणा केलेली सर्किटे किलोच्या भावाने जातात. तो गठ्ठा रद्दीत घालण्याआधी जवळच्या तंत्रनिकेतनाला एक फोन करा. तंत्रनिकेतनांनीही तो फोन उचलावा.